चूक दाखवायची तर कलम दाखवा

युनिटच्या रेझिंग डेला जेवणाआधी एक जुने सुभेदारसाहेब माझ्यावर घसरले. "त्या मानवाधिकारवाल्यांना पत्रं कसली लिहितोस? सगळं खोटं असतं त्यांचं. फाडून टाकायचं!" तिथे मी हसून विषय बदलला. इथे बदलणार नाही.

पत्र होते एका अहवालातल्या वाक्याबद्दल. 'आफ्स्पा'खाली, म्हणजे १९५८ च्या विशेषाधिकार कायद्याखाली, कोणताही जवान केवळ संशयावरून माणूस ठार करू शकतो, असे ते वाक्य. कायदा उघडून बघा, चहा थंड व्हायच्या आत वाचून होतो. कलम ४ मध्ये संशयाचा उल्लेख आहे तो अटकेसाठी. गोळीबाराचे पोटकलम वेगळे आहे. भाग अशांत जाहीर झालेला हवा, समोरचा माणूस जमावबंदी किंवा शस्त्रबंदी मोडणारा हवा, आधी इशारा हवा, आणि हुकूम देणारा निदान एनसीओ तरी हवा. कलम ५ सांगते, पकडलेला माणूस लवकरात लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. पूर्वोत्तरात असताना भर पावसात मी असा माणूस ठाण्यावर नेला आहे. तिथला मुन्शी पावती देईना, आणि पावतीशिवाय मी हलेना!

कायदा कडक आहे, हेही मी पत्रात लिहिले. इशारा किती द्यायचा, हे गोळी घालणारा अधिकारीच ठरवतो. टीका करायची तर या जागेवर करा, ती टिकेल. संस्थेने ते वाक्य बदलले. अहवाल फाडून ते बदलले नसते.

आता आपल्याकडे वळू. ४ डिसेंबर २०२१, नागालँडच्या मोन जिल्ह्यातले ओटिंग. शनिवारी संध्याकाळी तिरूच्या कोळसा खाणीवरून पिकअपने घरी निघालेल्यांपैकी सहा जण आपल्या गोळीबारात गेले. नंतरच्या चकमकीत गावचे आणखी सात जण आणि आपला एक जवान गेला. दुसऱ्या दिवशी मोन शहरात आणखी एक. सुरुवातीच्या बातम्यांत आसाम रायफल्सचे नाव आले, तुकडी होती २१ पॅराची. फौजेबाहेरच्याला हा फरक किरकोळ वाटेल. पण दुसऱ्या दिवशी संतप्त जमाव चालून गेला तो मोनमधल्या आसाम रायफल्सच्या छावणीवर. ही चूक दुरुस्त करायला आपण सगळे पुढे होतो, मीही होतो.

पण ६ डिसेंबरला संसदेत सांगितले गेले की गाडीला थांबण्याचा इशारा दिला होता आणि ती पळून जाऊ लागली. जखमी होऊन वाचलेल्या मजुराने सांगितले, इशारा झालाच नाही. नागालँड पोलिसांच्या विशेष पथकाने २०२२ मध्ये एका मेजरसह ३० जणांवर आरोपपत्र ठेवले. ओळख न पटवता गोळीबार केला, असा त्यांचा निष्कर्ष. तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी दुरुस्तीचे पत्र लिहिले? मी तर लिहिले नाही.

'आफ्स्पात पूर्ण माफी आहे' हे आणखी एक चुकीचे वाक्य. कलम ६ खटल्याआधी केंद्राची परवानगी मागते, माफी देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात संपूर्ण संरक्षण नसल्याचे सांगितले. हे मी आजवर चार ठिकाणी कळवले आहे. २०२३ मध्ये ओटिंगसाठी केंद्राने परवानगी नाकारली, २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले. साक्षीपुरावा झालाच नाही. त्या ३० जणांत कोणी निर्दोष असेल तर तोही सुटला असे म्हणवत नाही, नुसता राहिला. आता पाचव्या ठिकाणी तेच वाक्य लिहायला बसलो की पेन अडते.

सुभेदारसाहेबांना माझ्या पत्राची प्रत टपालाने पाठवतो आहे. सोबत कायद्याची प्रत जोडली आहे, कलम ६ खाली पेन्सिलीने रेघ मारून.