सुचेताबाईंचे राजकारण सुचेताबाईंचेच

देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री म्हणून सुचेता कृपलानींचे नाव स्पर्धा परीक्षांसाठी घोकले जाते. कारकिर्दीचा विषय निघाला की मात्र झटपट निकाल लागतो: आचार्य कृपलानींची पत्नी म्हणून पुढे आल्या, उत्तर प्रदेशचे त्यांच्याआधीचे मुख्यमंत्री चंद्रभानू गुप्ता यांचे प्यादे म्हणून खुर्चीवर बसल्या.

यातले पहिले विधान तारखांपुढेच टिकत नाही. 1952 साली त्या नवी दिल्लीतून लोकसभेवर गेल्या त्या पतीच्या किसान मजदूर प्रजा पक्षातर्फे, हे खरे. पण 1957 साली त्याच मतदारसंघात त्या काँग्रेसतर्फे जिंकल्या आणि आचार्य विरोधी बाकांवरच राहिले. ऑगस्ट 1963 मध्ये आचार्यांनी नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला सुचेताबाई लखनौत काँग्रेसच्या मुख्यमंत्री झाल्या. पक्षात त्या वेळी कृपलानी हे आडनाव अडचणीचेच होते. आणि ज्या लग्नाच्या पुण्याईवर त्या मोठ्या झाल्या म्हणतात, ते लग्नही 1936 साली गांधीजींचा विरोध असताना त्यांनी केले होते!

दुसऱ्या आक्षेपात थोडे तथ्य आहे. ज्येष्ठ काँग्रेस नेत्यांनी पदे सोडून पक्षकार्याला लागण्याच्या कामराज योजनेत गुप्ता पायउतार झाले, त्यांच्या गटाने सुचेताबाईंना पाठबळ दिले आणि 1967 मध्ये खुर्ची पुन्हा गुप्तांकडे गेली. पण त्या काळच्या उत्तर प्रदेश काँग्रेसमध्ये गटाच्या बळाशिवाय मुख्यमंत्री झालेला पुरुष कोणी दाखवावा. पुरुषाला गट मिळाला की आपण त्याला मुत्सद्दी म्हणतो. बेचाळीसच्या ‘छोडो भारत’ चळवळीत भूमिगत राहिलेल्या, नोआखालीच्या दंग्यात गावोगाव फिरलेल्या, घटना समितीत बसलेल्या आणि 1960 पासून राज्यात मंत्रिपद सांभाळलेल्या बाईला मात्र तोच आधार मिळाला की ती बाहुली ठरते. हा न्याय मला संतापजनक वाटतो.

त्या बाहुली होत्या का हे पाहायचे तर त्यांच्या कारकिर्दीतला राज्य कर्मचाऱ्यांचा 62 दिवसांचा संप आठवा. पगारवाढीच्या मागणीपुढे त्या झुकल्या नाहीत. कर्मचाऱ्यांचे नेते तडजोडीला आले तेव्हाच संप मिटला. सुचेताबाईंचा हा ताठरपणा मला पटत नाही. पोटाच्या प्रश्नावर सरकारने इतके ताणू नये. परंतु दोष द्यायचा तो सुचेताबाईंनाच द्यायला हवा, कारण इतके दिवस रोष अंगावर घेऊन उभ्या त्या राहिल्या होत्या. आणि मतदारांनी त्यांना नाकारलेही नाही. 1967 मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेसचे बहुमत गेले, त्याच वेळी त्या याच राज्यातल्या गोंडा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या.