सवाल मना है, प्रसारण चालू आहे

रमजान लागला की रेडिओचा गळा बदलतो. एरवी खतांची मात्रा आणि बाजारभाव सांगणारा डबा एकाएकी मौलाना होतो. सुरुवात हम्दने, शेवट दुआने आणि मधे रोज्याचे फायदे: पोटाला आराम, रक्ताची सफाई, गरिबाच्या भुकेची जाणीव. साल बदलते, तकरीर बदलत नाही. उर्दू इतकी जड की घरात मराठी बोलणाऱ्या आमच्या बायाबापड्यांना निम्मी कळते. उरलेल्या निम्म्यावर त्या 'सुभानल्लाह' म्हणतात.

आम्हाला रोज्याचे वावडे नाही. ज्याला ठेवायचा त्याने ठेवावा. आमचे भांडण आहे ते 'सायन्सनेही मान्य केले आहे' या वाक्याशी. कोणत्या सायन्सने? कुठे, कधी, किती माणसे तपासून? मोहल्ल्यातली साखरेचा आजार असलेली खाला हे ऐकते आणि डॉक्टरने सांगितलेले विसरते. आजाऱ्याला सूट खुद्द कुरआनने दिली आहे, सूरह बकरामध्ये, स्वच्छ शब्दांत. पण फायद्यांची यादी संपवून वक्ता त्या सुटीपाशी पोचेपर्यंत दुआची वेळ झालेली असते.

गंमत अशी की एके काळी याच रेडिओवर विश्वास ठेवायला आपले उलेमा तयार नव्हते. ईदच्या चंद्राची बातमी रेडिओवर आली तर ती शहादत मानायची की नुसती खबर, यावर भारत-पाकिस्तानात फतव्यांचा ढीग पडला. चंद्र कोणी पाहिला? स्वतः पाहिला की ऐकीव सांगतो? साक्षीदार किती, त्यांची सचोटी काय? बोलणारा पडद्याआड, त्याला ओळखायचे कसे? वाहवा! याहून चांगली चिकित्सा आम्ही नास्तिकांकडूनही ऐकलेली नाही. हदीस गोळा करणाऱ्यांनीही कोणी कोणाकडून ऐकले, याची साखळी तपासूनच पुढे पाऊल टाकले होते.

मग ही तपासणी तकरीरीला का लागू नाही?

चंद्राचाच किस्सा घ्या. १९६९ साली नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला, तिथे त्याने अजान ऐकली आणि परत येऊन तो मुसलमान झाला, ही कहाणी आपल्यापैकी कोणी ऐकली नाही? ती इजिप्तपासून इंडोनेशियापर्यंत इतकी पसरली की मार्च १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला मुस्लिम देशांतल्या आपल्या वकिलातींना संदेश पाठवून 'असे काही घडलेले नाही' हे कळवावे लागले. चंद्रावर हवा नाही आणि हवेशिवाय आवाज कानापर्यंत पोचत नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. ईदचा चंद्र पाहिला म्हणणाऱ्याकडे साक्षीदार मागणारे, चंद्रावर अजान ऐकणाऱ्याकडे एकही मागत नाहीत. (शेजारीच ऑल्ड्रिन उभा होता, त्याला तरी विचारायचे!)

हा मसाला जलशातला आणि कॅसेटमधला. सरकारी रेडिओ सौम्य असतो. पण सौम्यपणाची तऱ्हाही बघा. आकाशवाणीच्या संहितेत धर्मांवर आणि समुदायांवर हल्ला करण्यास मनाई आहे. रास्तच. मात्र व्यवहारात तकरीर ठरते प्रबोधन आणि तिच्यावर केलेला प्रश्न ठरतो हल्ला. १९७६ साली घटनेत कलम ५१-क आले, वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी हे नागरिकाचे कर्तव्य झाले. ते कर्तव्य बजावायला माइक कोण देणार?

आणि ते दुसरे लाडके वाक्य: 'इस्लामने औरतला १४०० वर्षांपूर्वीच सारे हक्क दिले.' १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम बाया मुंबईत विधानभवनावर चालून गेल्या, तोंडी तलाक बंद करा म्हणत. सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला २२ ऑगस्ट २०१७ रोजी. मधली ५१ वर्षे! तेवढ्या रमजानांत ते वाक्य किती वेळा ऐकवले गेले, याची मोजदाद कोणी ठेवली आहे काय? त्या सात जणींपैकी एखादीला तकरीर करायला बोलवावे, हे कोणाच्या डोक्यात तरी आले असेल काय?

आमची मागणी फार लहान आहे. शेतकऱ्याला कीटकनाशकाबद्दल रेडिओवर फोन करून विचारता येते, गाण्याची फर्माईशही करता येते. तसेच तकरीरीनंतर पाच मिनिटे फोन खुला ठेवा. मौलानासाहेबांनी जागचे उठू नये. पहिला फोन त्या साखरेच्या खालाचा असेल, आणि ती मराठीतच विचारील.