भोकांच्या डिस्कआधी जाडी मोजा

कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या सुट्या भागांच्या बाजारात ब्रेक डिस्क बदलायला गेलेल्या गाडीवाल्यापुढे हमखास दोन पर्याय येतात. एक साधी, सपाट कंपनीची डिस्क. दुसरी भोकं पाडलेली किंवा तिरक्या खाचांची, ‘अपग्रेड’ म्हणून मिरवणारी आणि बरीच महाग. अंधेरी-बोरिवली किंवा घाटकोपर-मुलुंड पट्ट्यात रोज गाडी चालवणाऱ्याने साधीच घ्यावी आणि उरलेले पैसे पॅड, ब्रेक ऑइल आणि टायरवर घालावेत.

ब्रेक लावला की गाडीच्या वेगाची उष्णता होते, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 90 किलोमीटरवरून थांबताना 30च्या तुलनेत नऊपट उष्णता निर्माण होते. संध्याकाळी पश्चिम द्रुतगती मार्गावर किंवा एलबीएस मार्गावर रांगणाऱ्या गाडीची डिस्क फारशी तापतच नाही.

भोकं आणि खाचा आल्या त्या शर्यतीतून. जुन्या पॅडमधून प्रचंड तापल्यावर वायू सुटायचा, पॅड आणि डिस्कच्या मध्ये त्याचा थर साचायचा. त्याला वाट मिळावी म्हणून ही सोय. आजच्या पॅडना ही अडचण फारशी येत नाही. भोकांमुळे उष्णता साठवणारं लोखंड मात्र कमी होतं आणि पुढे त्यांच्याच कडेला तडे जाऊ शकतात. खाचा पाणी पुसून काढतात हे खरं. पण त्या पॅडही लवकर झिजवतात आणि आवाज करतात. अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यातून बाहेर पडल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक लावला की साधी डिस्कही कोरडी होते.

शिवाय आधीच्याच ब्रेकने चाक लॉक होत असेल किंवा एबीएस चालू होत असेल, तर गाडी किती अंतरात थांबेल हे टायरची पकड ठरवते. गुळगुळीत झालेल्या टायरवर महागडी डिस्क काय करणार?

खरा कस लागतो तो रविवारी संध्याकाळी, भरल्या गाडीने बोरघाट उतरताना. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर मात्र ही मर्यादा 155पर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जातं. तिथे वेळेवर बदललेलं ऑइल आणि खालचा गिअर उपयोगी पडतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणं तर निव्वळ जीवघेणं.

ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांचा किंवा जड गाडीने सतत घाट करणाऱ्यांचा हिशेब वेगळा. त्यांना मोठी, आतून हवा खेळती ठेवणारी डिस्क, तिला जुळणारा कॅलिपर आणि पॅड असा पूर्ण संच लागतो. नुसती नक्षी पुरत नाही.

साधी म्हणजे स्वस्तातली बनावट नव्हे. डिस्कवर किमान जाडी बहुधा कोरलेली असते. बाहेरच्या कडेला उठलेली धार बोटाला लागते, पण खरी झीज मायक्रोमीटरच सांगतो. म्हणून गॅरेजने डिस्क बदलण्याआधी दोन्ही चाकांच्या डिस्कची जाडी मोजून ती बिलावर लिहून द्यावी, आणि ग्राहकाने ती मागून घ्यावी. या कामाला पाच-दहा मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही.