कागदी वाघ, खरी मुले

चिनी नववर्ष जवळ आले, की चीनमध्येच नव्हे, तर सिंगापूर, लंडन वा सॅन फ्रान्सिस्को येथील प्राथमिक शाळांतूनही लाल कागद, कात्र्या आणि खळ यांचे राज्य सुरू होते. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर असा हा बारा वर्षांचा फेरा. १७ फेब्रुवारी २०२६ रोजी आरंभ होणारे वर्ष घोड्याचे. मुखवटे, आकाशकंदील, खिडकीला डकवायची कागदी नक्षी मुलांच्या हातून घडते, याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती कागदी प्राण्याच्या पोटावर चिकटवल्या जाणाऱ्या चिठ्ठीविषयी. वाघाच्या वर्षी जन्मलेला शूर, सशाच्या वर्षीचा भिडस्त, माकडाच्या वर्षीचा चलाख, असे तीवर लिहिलेले असते.

हा निरुपद्रवी खेळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी जपानचा दाखला पाहावा. चीनकडून ही कालगणना घेतलेल्या त्या देशात, साठ वर्षांतून एकदा येणाऱ्या 'अग्निअश्व' वर्षी जन्मलेली मुलगी पतीच्या आयुष्याला घातक ठरते, अशी समजूत रूढ होती. १९६५ साली तेथे सुमारे १८ लाख २० हजार बालके जन्मली; १९६६ साली ही संख्या १३ लाख ६० हजारांवर घसरली आणि १९६७ साली पुन्हा १९ लाखांपलीकडे गेली. युद्ध नाही, दुष्काळ नाही. टोकियो-ओसाका अतिवेगवान रेल्वे धावू लागून दोन वर्षे झालेली. तरीही लाखो आईबापांनी एका घोड्याला भिऊन पाळणा लांबवला. मंगळाच्या मुलीची पत्रिका मुकाट्याने परत करणाऱ्या समाजाला याचे नवल वाटू नये. २०२६ हे पुन्हा तेच अग्निअश्व वर्ष होय.

चिठ्ठीचे खंडन करायला पंडित नको. वर्गाचे हजेरीपत्रक पुरे. एका इयत्तेतील मुले साधारणतः वर्षभराच्या अंतरात जन्मलेली असतात, म्हणजे सगळा वर्ग एका, फार तर दोन प्राण्यांचा. चाळीस शूर वाघ ओळीने बसले आहेत आणि त्यांतल्या एकाचे फळ्यापुढे उभे राहताना पाय लटपटतात, हे मुलांना दिसत नाही काय? शिवाय व्हिएतनाममध्ये सशाच्या जागी मांजर आहे. २०२३ साली जन्मलेले मूल सीमेच्या अलीकडे ससा, तर पलीकडे मांजर!

चिठ्ठी फाडली म्हणून हस्तव्यवसायात काही उरत नाही, असे मात्र नव्हे. खरा ऐवज तेव्हाच हाती लागतो. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या घ्याव्यात. एकीवर बारा प्राणी, दुसरीवर लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल या पाच तत्त्वांना प्रत्येकी दोन अशी दहा घरे. दरसालाकरिता दोन्ही एकेक घर पुढे सरकवल्या, की आरंभीची जोडी पुन्हा जुळायला साठ वर्षे लागतात. लसावि हा शब्द ज्याला फळ्यावर भेडसावतो, त्याला तो बोटांनी उमगतो. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरे पंचांगात वाचलेल्या मराठी शिक्षकालाही हा आकडा परका वाटणार नाही. घडी घालून अर्धाच कापलेला वाघाचा मुखवटा उलगडला, की सममितीची व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही. चीनच्या कातरकामाला युनेस्कोने २००९ साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, ते या हातोटीसाठी, भविष्यकथनासाठी नव्हे.

चिनी वर्ष अमावास्येशी बांधलेले असल्याने त्याचा आरंभ दरसाल निराळ्या तारखेस होतो. १० जानेवारी २०१७ रोजी जन्मलेल्या मुलीला केवळ सन पाहून बनवलेला तक्ता कोंबड्यात घालतो. त्या साली नववर्ष लागले ते २८ जानेवारीस, म्हणजे ती माकडाच्या वर्षातली. तारखा ताडून हे तिचे तिला शोधू द्यावे, आणि मग तिला आवडेल तो प्राणी कापू द्यावा.