गोणीचं वजन किती?



या अंकासाठी कवितांचा गठ्ठा आला. बहुतेक कॉलेजातल्या पोरांच्या. सगळ्यांत सूर्य उगवतोय, मशाल पेटतेय, रक्त उसळतंय. पण कुणाच्या घरात काल काय शिजलं, ते एकाही कवितेत नाही.

मी मॅट्रिक. गोदीत गोण्या उचलतो. बी.ए.च्या पोराच्या वहीवर पेन्सिल चालवताना हात दबतो, हे खरं. तरी चालवली.

एकानं 'श्रमिक' नावाची कविता आणली होती. त्यात हमालाचा घाम मोत्यासारखा. मी विचारलं, ''गोणीचं वजन किती?'' ठाऊक नव्हतं. ''बाप काय करतो?'' गप्प. मग खाली बघत बोलला, ''बाजारात हमाली.''

म्हंजे घरात हमाल आणि कवितेत मोती! हे त्या पोराचं पाप नाही. शाळेत त्यानं निबंधात 'आय' लिहिलं, तर सरांनी लाल शाईनं 'आई' केलं. तेव्हापासून आय घरात राहिली आणि वहीत दुसऱ्याचीच आई आली.

मी म्हणालो, ''जा, बापाला विचार. पहिली गोणी कधी घेतली, कुठं दुखतं, मुकादम काय म्हणून हाक मारतो. बोलेल तसं उतरव.'' आठवड्यानं तो दोन पानं घेऊन आला. बापाच्या मानेवरच्या गाठीवर. भाषा अडखळत होती, पण खरी होती. जेवणाच्या सुट्टीत मी ती टोळीत वाचली. आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, ''त्याला सांग, गाठ मानेवर नाय, जरा खाली येते.'' स्वतःचा सदरा सरकवून दाखवली. पोरानं ती ओळ बदलली. असा तपासनीस कुठल्या कॉलेजात मिळतो?

१८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवेचा निबंध छापला गेला. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांगाची पोर. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नाही, थंडीपावसात तिचे काय हाल होतात, हे तिनं सरळ मांडलं आणि धर्मालाच जाब विचारला. डोळ्यांदेखतचं लिहिलं म्हणून तो निबंध अजून जाळतो.

प्रमाण भाषा शिकू नका, असं मी म्हणत नाही. अर्जाला, कोर्टाला, परीक्षेला ती लागते. हत्यार म्हणून शिका. तिच्या पाया पडू नका.

आणि एकदा लिहून थांबू नका. तीनदा लिहा. ज्याच्यावर लिहिलंत त्याला आधी वाचून दाखवा. तो मान फिरवून बसला, तर कागद फाडा, पुन्हा बसा. डिग्री मिळाली, नोकरी लागली, की वस्तीचा पत्ता आणि लेखणी दोन्ही एकदमच सोडणारे मी पाहिलेत. त्यांच्या वह्या आमच्याकडे अजून पडून आहेत.

१९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघालं, तेव्हा लिहिणारे हात कमी होते. बाबासाहेबांना बरेचसे रकाने एकट्यानं भरावे लागले. आज शिकलेले हात ढिगानं आहेत. मग आमचे रकाने रिकामे का?

दर रविवारी संध्याकाळी आम्ही खोलीवर बसतो. एक पान आणा. टाळ्या मिळणार नाहीत, खाडाखोड मिळेल. माझंही आणतो, तुम्ही खोडा. पुढच्या अंकाची चार पानं तुमच्यासाठी कोरी ठेवलीत.

जय भीम.