युनिफॉर्मची जादू की मधल्या वर्षांचा हिशेब?



प्रेमकथांची एक ठरलेली वाट आहे. दोघांचे तरुणपणी जमते, मग मोडते. तो सैन्यात जातो, ती मागे राहते. बऱ्याच वर्षांनी तो परत येतो आणि मोडलेले पुन्हा जुळते. इंग्रजीत अशा कादंबऱ्यांचा ढीग आहे. मुली त्या मोबाईलवर वाचतात, आणि आपल्या वयाच्या बायकाही वाचतात, फक्त सांगत नाहीत. एवढे काय असते त्यात, असे विचारले की उत्तर येते, "अहो, युनिफॉर्मचा रुबाब!" मला हे उत्तर पटत नाही.

या वाटेवरची मला सर्वांत आवडणारी कादंबरी दोनशे वर्षांपूर्वीची आहे. जेन ऑस्टिनची 'पर्स्युएशन'. लेखिका जुलै १८१७ मध्ये गेली आणि पुस्तक त्याच डिसेंबरात बाहेर आले. तिचे दोन भाऊ ब्रिटिश नौदलात होते, त्यामुळे आरमारी माणसे तिला घरचीच होती.

गोष्ट थोडक्यात अशी. सॉमरसेटमधल्या एका बड्या घरातली ॲन इलियट १८०६ मध्ये १९ वर्षांची आहे. फ्रेडरिक वेंटवर्थ हा नौदलातला तरुण अधिकारी. हुशार, पण खिशात पैसा नाही. वडील नाराज, आणि आईच्या जागी असलेल्या लेडी रसेल तिची समजूत घालतात. ॲन लग्न मोडते, तो समुद्रावर निघून जातो. नेपोलियनशी युद्ध चालू असते. तेव्हा शत्रूचे जहाज पकडले की त्याच्या किमतीतला वाटा कप्तानाला आणि खलाशांना मिळायचा. अशा वाट्यांतून वेंटवर्थ २५,००० पौंडांचा धनी होतो. इकडे ॲनचे वडील उधळपट्टीने कर्जात बुडतात आणि राहता वाडा भाड्याने देतात. भाडेकरू म्हणून येतात एक ॲडमिरल, आणि त्यांची बायको निघते वेंटवर्थची बहीण! १८१४ मध्ये दोघे पुन्हा समोरासमोर येतात.

मी कॉमर्सची, त्यामुळे माझे लक्ष आधी ताळेबंदाकडे गेले. ज्यांनी त्याला गरीब म्हणून नाकारले तेच आता कर्जात, आणि तो श्रीमंत. 'बघा, कशी जिरवली!' एवढ्यावरच पुष्कळ वाचक खूश होतात. पण ते सुडाचे समाधान, फार दिवस पुरत नाही.

खरी गोष्ट शेवटाकडे आहे. वेंटवर्थ ॲनला विचारतो, १८०८ मध्ये माझ्याकडे थोडे पैसे आले होते, जहाज मिळाले होते. तेव्हा पत्र लिहिले असते तर तू हो म्हणाली असतीस का? ती हो म्हणाली असती. त्याने लिहिले नाही, कारण अभिमान आडवा आला. म्हणजे आठ वर्षांपैकी दोन परिस्थितीच्या खात्यावर, आणि उरलेली सहा अहंकाराच्या!

अशा कथांची ओढ मला इथे दिसते. सैन्य म्हणजे ताटातुटीचे सन्मानाचे कारण. कर्तव्य होते, अंतर होते, युद्ध होते. कोणी खलनायक लागत नाही. आपणही आपल्या अबोल्यांना अशीच सन्मानाची कारणे देतो. चांगली कथा ते पांघरूण हळूच बाजूला करते.

कोणी म्हणेल, ही खोटी आशा आहे, गेलेली वर्षे परत येतात का? नाहीच येत. ऑस्टिनही तसे म्हणत नाही. याच पुस्तकात बेनविक नावाचा दुसरा अधिकारी आहे. बढती आणि पैसा मिळाला की लग्न, असे ठरलेले. दोन्ही मिळते, पण तो समुद्रावर असतानाच त्याची वाग्दत्त वधू मरण पावते. त्याला दुसरी वेळ देणारे कोणी उरतच नाही.

म्हणून सगळ्याच कथा मला सारख्या वाटत नाहीत. काहींत तो जखमा घेऊन येतो आणि ती फक्त मलमपट्टी करते. मधल्या वर्षांत ती काय करत होती, कोणी विचारत नाही. ॲन मात्र बहिणीची मुले सांभाळते. लाइमच्या धक्क्यावर एक मुलगी पायऱ्यांवरून पडते, शूर कप्तान गांगरतात, तेव्हा डॉक्टरला बोलवायला हीच सांगते. वेंटवर्थला तिची किंमत नव्याने कळते. बुडीत खात्यावरचे व्याज वसूल होत नाही, खाते नव्याने उघडावे लागते.

आणि ते उघडते एका पत्राने. हा लढाया केलेला माणूस, पण त्याची सर्वांत अवघड कामगिरी म्हणजे तो कागद. क्षमावाणीच्या दिवशी आपण एकच मेसेज शंभर जणांना पाठवतो आणि जिच्याशी खरोखर बोलायचे असते तिचे नाव तेवढे वगळतो. ती हयात असेल, नंबर चालू असेल, तर क्षमावाणीची वाट कशाला बघायची?