बाबूराव आपटे आणि 'सूत्रां'ची हेराफेरी

"तुमच्या बाबूरावने पैसे खाल्ले म्हणे?"

२०२५ च्या मे महिन्यातला शुक्रवार. जेद्दाच्या उत्तरेला, तांबड्या समुद्राच्या काठी आम्ही चार-पाच संशोधक एका टेबलावर बिर्याणी खात होतो आणि हा प्रश्न विचारणारा सहकारी होता लाहोरचा. त्याला महाराष्ट्रातला एकही मुख्यमंत्री माहीत नाही, पण बाबूराव गणपतराव आपटे तोंडपाठ आहे. मी विचारलं, कुठे वाचलंस? त्याने फोन पुढे केला. आखाती वाचकांसाठीचं इंग्रजी संकेतस्थळ होतं. मग मी माझ्या नेहमीच्या मराठी पोर्टलवर गेलो. तोच मजकूर, त्याच क्रमाने, फक्त मराठीत. 'सूत्रांच्या माहितीनुसार' हे पालुपदही तसंच.

प्रकरण बहुतेकांना आठवत असेल. 'हेरा फेरी ३' मधून परेश रावल बाहेर पडले. १८ मे रोजी त्यांनी जाहीर केलं की कारण सर्जनशील मतभेदांचं नाही, प्रियदर्शन यांच्याबद्दल आपल्याला आदरच आहे. दोनच दिवसांत बातमी आली की अक्षय कुमारच्या केप ऑफ गुड फिल्म्सने त्यांना २५ कोटींची नोटीस धाडली. २५ मे रोजी रावल यांनी वकिलांमार्फत उत्तर दिल्याचं सांगितलं. त्याच सुमारास कळलं की करारापोटी घेतलेले ११ लाख त्यांनी १५ टक्के व्याजासह परत केले होते. जूनअखेरीस एका पॉडकास्टवर रावल म्हणाले, सगळं मिटलंय, मी चित्रपटात आहे. झालं, पडदा पडला.

आता थोडं मागे जाऊ. नोव्हेंबर २०२२. त्या वेळी याच चित्रपटातून बाहेर पडलेला नट अक्षय कुमार होता. पटकथेवर आपण समाधानी नाही, असं त्याने जाहीर मंचावर सांगितलं. कार्तिक आर्यनचं नाव पुढे आलं, चाहत्यांनी 'अक्षय नाही तर हेरा फेरी नाही' अशी मोहीम चालवली. तेव्हाच्या बातम्या पुन्हा वाचून बघा. दर्जाशी तडजोड न करणारा कलावंत, भावुक झालेले चाहते, निर्मात्याची चूक. अडीच वर्षांनी तिघांपैकी दुसरा बाहेर पडला तर शब्द आले 'बेजबाबदार', 'अव्यावसायिक', 'निर्मात्याचं नुकसान'.

फरक होता, मान्य आहे. २०२५ मध्ये करार झालेला होता आणि प्रोमोचं चित्रीकरणही झाल्याचं निर्मात्यांच्या बाजूने सांगण्यात आलं. करार मोडला तर नोटीस येणारच. कदाचित अक्षयची बाजू कायद्याने बळकटही असेल. माझं भांडण त्याच्याशी नाही. तो तर नंतर 'हाउसफुल ५'च्या ट्रेलरच्या वेळी म्हणाला की सहकलाकाराला मूर्ख म्हणणं बरोबर नाही, हा विषय न्यायालयात आहे. खुद्द वादी संयम दाखवत होता, पण निकाल देऊन मोकळे झाले होते ते वार्ताहर.

माझं भांडण आहे ते आकड्यांच्या येण्याच्या क्रमाशी. २५ कोटी पहिल्याच दिवशी आले, ११ लाख मागाहून. दोन पक्षांच्या वकिलांमधला कागद वर्तमानपत्रापर्यंत आपल्या पायांनी चालत येत नाही, कोणीतरी आणून देतो. कोणी दिला आणि त्यात त्याचा फायदा काय, हा पत्रकारितेतला पहिला धडा. तो प्रश्न विचारलेली बातमी मला मराठीत सापडली नाही. आमच्याकडे एखादा नमुना कुठून आला हे न सांगता निष्कर्ष लिहिला, तर परीक्षक तो पेपर उघड्या दारातून परत पाठवतील. मी असे दोन पेपर परत घेतलेत, त्यामुळे अनुभवाने सांगतो.

पक्षपात म्हटला की आपण 'हा अक्षयचा, तो रावलचा' असं शोधू लागतो. तेवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. इथला पक्षपात जो आधी फोन करतो त्याच्या बाजूचा आहे. पहिल्या आठवड्यात निर्मात्यांकडून माहिती येत होती तेव्हा रावल खलनायक, वकिलांचं उत्तर आल्यावर रावल बिचारे, आणि समेट झाल्यावर 'ही सगळी प्रसिद्धीची युक्ती तर नव्हती?' असं विचारायला तीच पोर्टलं पुढे!

आणि हो, आपला स्वतःचाही एक पक्षपात आहे. माझ्या मराठी व्हॉट्सॲप गटावर जवळपास सगळे रावल यांच्या बाजूने होते. का? तर 'आपला बाबूराव'. अहो, रावल गुजराती. मूळ कथा १९८९ च्या 'रामजी राव स्पीकिंग' या मल्याळम चित्रपटाची, आणि तिथे ही भूमिका इनोसंट यांनी केली होती. आपलं त्यात आपटे हे आडनाव तेवढं. त्या आडनावावर मीही भाळलो होतो, खोटं कशाला बोलू.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या बातम्या आहेत, एवढं काय मनावर घ्यायचं? २००९ च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या मराठी वृत्तपत्रांत शब्दशः सारखा मजकूर छापून आल्याचं पी. साईनाथ यांनी दाखवलं, तेव्हा आपण सगळे हादरलो होतो. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला. सिनेमाच्या पानावर तेच रोज होतं, फुकट की विकत ते देव जाणे, आणि आपण चहाबरोबर वाचतो. वाचायची सवय तीच, लिहायची सवय तीच. पान बदललं म्हणून ती बदलत नाही.

बरं, ही जागा जाते कुणाच्या वाट्याची? सप्टेंबर २०२४ मध्ये 'नवरा माझा नवसाचा २' आला. पहिला २००४ चा, गणपतीपुळ्याला निघालेल्या एसटीतला. दुसरा कोकण रेल्वेतला. वीस वर्षांनी आलेला मराठी विनोदी चित्रपटाचा दुसरा भाग, अशोक सराफ त्यात. त्याची पटकथा, वितरण, परदेशातले खेळ यांबद्दल मला काही खोलात वाचायला मिळेल म्हणून मी शोधत होतो. ट्रेलर आला, गाणं आलं, अमुक कलाकाराची पोस्ट, एवढंच. ज्या हिंदी चित्रपटाचं मुख्य चित्रीकरणही सुरू झालं नव्हतं, त्याला मराठी पोर्टलांनी महिनाभर मखरात बसवलं. सौदीत २०१८ पर्यंत चित्रपटगृहंच नव्हती, लोक पूल ओलांडून बहारीनला जायचे. बंदी उठल्यावर इथे लागलेला पहिला हिंदी चित्रपट अक्षयचाच, 'गोल्ड'. मराठी चित्रपट मी अजून इथल्या पडद्यावर पाहिलेला नाही. तो कधी आणि कसा येईल, कोण आणेल, हे माझ्यासारख्याच्या उपयोगाचं. त्यावर 'सूत्रं' गप्प.

जुलैत लाहोरच्या मित्राने पुन्हा विचारलं, "मग खाल्ले की नाही पैसे?"

मी फोन काढला. नोटिशीचं काय झालं, मागे घेतली की नाही, ११ लाखांचं पुढे काय, कोणी कोणाचं ऐकलं, हे सांगणारी एक बातमी अर्धा तास शोधली. 'बाबू भैया परतला' अशा तऱ्हेच्या मात्र कितीतरी सापडल्या. तोवर त्याची बिर्याणी संपली होती.